मित्राचे फोटो शार्प येतात म्हणून डी७२०० विकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांपासून निकॉन डी७२०० वापरताय. सोबत १८-१४०, २००-५०० आणि जुनी ५० मिमी एफ १.८ डी. या हिवाळ्यात भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, मित्रासोबत एकाच होडीत बसलात. त्याच्याकडे सोनी ए७-४ आणि २००-६००. कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी, ऑस्प्रे) तोच, ऊन तेच, आणि संध्याकाळी फोटो शेजारी ठेवले तर त्याच्या कैकराचं पीस न् पीस मोजता येतंय, तुमच्या कैकरावर मात्र पातळ मलमल टाकल्यासारखी. हाताशी दीड लाख आहेत. सगळं विकून सोनी घ्यावं की "रंगांसाठी" फुजी, असं विचारलंय. जाता जाता ट्रेकला होणारं ओझं आणि मुलीचा भरतनाट्यमचा कार्यक्रम यांचाही उल्लेख केलाय. ते दोन्ही या हिशोबात महत्त्वाचे आहेत, म्हणून त्यांच्याकडे शेवटी येते.

माझा कल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं त्या मापाने वाचाल. मी नाशिकची. १९९८ मध्ये निकॉन एफएम१० मध्ये रोल घालून सुरुवात केली. पुढे डी७०, डी३००, डी७५० अशी निकॉनचीच पायरी चढत गेले. २०१८ मध्ये उजव्या खांद्याने असहकार पुकारला तेव्हा सगळं विकून मायक्रो फोर थर्ड्सला (छोट्या सेन्सरच्या, हलक्या कॅमेऱ्यांना) गेले आणि आजही तिथेच आहे. त्या बदलीत माझे किती पैसे पाण्यात गेले, हे मी घरी अजून नीट सांगितलेलं नाही. दुकानदाराने डी७५० आणि तीन लेन्सेसचे जे दिले, त्यात नवी एक लेन्ससुद्धा आली नसती. त्यामुळे कोणी "सगळं विकतो" म्हटलं की माझा हात आपोआप ब्रेककडे जातो.

आता मुद्द्याचं. तुमचा खरा प्रश्न सोनी की फुजी हा नाही. एकाच होडीतून एकाच पक्ष्याचे दोन वेगळे फोटो का आले, हा आहे. त्याचं उत्तर मिळालं नाही तर नव्या कॅमेऱ्यातही तीच मलमल येऊ शकते.

पहिला संशय साहजिकच सेन्सरवर जातो. त्याचा फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर, ३३ मेगापिक्सेल. तुमचा एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान, २४ मेगापिक्सेल. पण पक्षी फ्रेममध्ये लहान असतो आणि आपण शेवटी क्रॉपच करतो. तेव्हा एकूण मेगापिक्सेल बाजूला ठेवा, पक्ष्यावर किती पिक्सेल पडले ते बघा. डी७२०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद, त्यावर ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा. ए७-४ चा सेन्सर ३५.९ मिमी, त्यावर ७००८ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ५.१ मायक्रॉनचा. आता फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेल्या मिमीला) पिक्सेलच्या आकाराने भागा. तुमचं ५०० भागिले ३.९ म्हणजे सुमारे १२८, त्याचं ६०० भागिले ५.१ म्हणजे सुमारे ११७. तितक्याच अंतरावरच्या कैकरावर तुमच्या कॅमेऱ्याचे पिक्सेल त्याच्यापेक्षा थोडे जास्तच पडतात. हा हिशोब मी कोणाला कागदावर मांडून दाखवला की आधी दोन मिनिटं शांतता होते, मग "पण सोनी..." असं काहीतरी सुरू होतं.

मग उजेड? फुल फ्रेम म्हणजे कमी नॉइज (फोटोतले दाणे), हे आपण ऐकत आलोय आणि ते खरंही आहे, पण पूर्ण फ्रेम वापरली तर. लांबचा पक्षी क्रॉप करताना त्या पक्ष्याकडून किती उजेड गोळा झाला हे लेन्सचं छिद्र ठरवतं. फोकल लेंग्थला एफ नंबरने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. तुमचं ५०० भागिले ५.६ म्हणजे ८९ मिमी. त्याचं ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिमी. क्षेत्रफळात फरक १४ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा फरकाने डोळ्यांना काही कळत नाही. शिवाय ट्रायपॉडला जोडायचा पाय आणि कॉलर काढून ठेवली तर दोन्ही लेन्सेस दोन किलो शंभर ग्रॅमच्या आगेमागेच भरतात. म्हणजे काचेच्या बाबतीत तुम्ही दोघं जवळजवळ बरोबरीत होता.

होडी एकच होती, त्यामुळे पाण्यावरची वाफही दोघांना सारखीच. (तरी एक विचारते, होडी किती वाजता सोडलीत? उजनीच्या पाण्यावर ऊन चढलं की हवा थरथरायला लागते, आणि मग दोन लाखांची लेन्सही लांबचा पक्षी रॉकेलच्या स्टोव्हवरून बघितल्यासारखा देते. नांदूर मधमेश्वरला मी साडेनवानंतर लांबच्या पक्ष्यांवर कॅमेरा उचलतच नाही. चहा पिते, नाहीतर जवळ आलेल्या शेकाट्यांचे फोटो काढते.)

सेन्सर, काच आणि हवा वगळल्यावर चार गोष्टी उरतात: फोकस, शटर स्पीड, किती फोटोंमधून निवडला आणि नंतर त्यावर काय केलं.

शेवटच्या दोन आधी उरकते, कारण त्या बोलायला अवघड असतात. त्याने त्या कैकराचे किती फोटो काढले? त्याचा कॅमेरा सेकंदाला दहापर्यंत जातो, तुमचा सहा. शिवाय डी७२०० चा बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत धरून ठेवणारी मेमरी) रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, वीस-पंचवीस फोटोंतच भरतो, मग कॅमेरा दम खात बसतो आणि तेवढ्यात मासा घेऊन कैकर गेलेला असतो. त्याने तीनशेतला एक दाखवला आणि तुम्ही चाळीसातला एक, तर ही तुलना कॅमेऱ्यांची नाही. दुसरं, त्याने फोटो कशात धुतला, म्हणजे कॉम्प्युटरवर कशात सुधारला? लाइटरूममध्ये २०२३ पासून डिनॉइझ नावाचं जे बटण आलंय, ते रॉ फाइलवर चालवलं की आयएसओ ३२०० चा फोटो ४०० चा वाटायला लागतो. तुमच्या निकॉनच्या रॉ फाइलवरही ते तसंच चालतं. त्याच्याकडे मोकळेपणाने चौकशी करा, जमलं तर एकमेकांच्या रॉ फाइल बदला आणि एकाच पद्धतीने धुवा. आमच्या ग्रुपमध्ये या एका उद्योगाने दोन माणसांची कॅमेरा-खरेदी रद्द झाली आहे. एकाची मात्र पक्की झाली, तेही सांगते.

आता फोकस. माझा मुख्य संशय इथेच आहे.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे तुमच्या डी७२०० सारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, फोटो ज्या सेन्सरवर पडतो, फोकस तिथे मोजलाच जात नाही. आरशातून थोडा उजेड खाली वळवतात आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला वेगळा फोकस सेन्सर तो वाचतो. लेन्सपासून खऱ्या सेन्सरपर्यंतचं अंतर आणि आरशाच्या वाटेने तळापर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं असेल तरच फोकस बरोबर बसतो. हे अंतर केसभर जरी इकडेतिकडे असलं, तरी फोकस पक्ष्याच्या थोडा पुढे नाहीतर थोडा मागे बसतो. १८-१४० ला ते कळतही नाही. ५०० मिमीला एफ ५.६ वर, वीस मीटरवरच्या पक्ष्याला, डोळ्याऐवजी शेपूट शार्प येते. आणि फ्रेममध्ये शेपूट आडवी असेल तर काहीच शार्प येत नाही, नुसती मलमल.

मी डी३०० वर ३०० मिमी एफ ४ वापरायचे तेव्हा वर्षभर स्वतःच्या हातांना शिव्या देत होते. श्वास रोखून बघितला, बीनबॅग घेतली, ट्रायपॉड बदलला. शेवटी एका रविवारी गच्चीवर बिस्किटाचा पुडा ठेवून तपासलं, तर कॅमेरा प्रत्येक वेळी पुड्याच्या मागच्या कुंडीवर फोकस करत होता. मेनूतला एक आकडा बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून मी अचानक चांगली फोटोग्राफर झाले.

तुमच्या डी७२०० मध्येही तो मेनू आहे, एएफ फाइन-ट्यून, उणे २० ते अधिक २०. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, २००-५०० पूर्ण ५०० ला ओढा, छिद्र एफ ५.६ ला उघडं ठेवा. पंधरा-वीस मीटरवर बारीक अक्षरांचं काहीतरी उभं करा, वर्तमानपत्राचं पान पुठ्ठ्यावर चिकटवलं तरी चालेल. उजेड भरपूर हवा. व्हीआर (लेन्समधली थरथर कमी करणारी सोय) बंद. आधी लाइव्ह व्ह्यूने फोकस करून एक फोटो काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर असतो आणि फोकस खऱ्या सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून हा तुमचा आदर्श फोटो. मग रिंग मुद्दाम हलवून फोकस बिघडवा आणि व्ह्यूफाइंडरमधून, मधल्या पॉइंटने, पाच-सहा फोटो काढा. दर वेळी फोकस बिघडवून पुन्हा. दोन्ही शंभर टक्क्यांवर शेजारी ठेवा. व्ह्यूफाइंडरचे सगळे फोटो सारखेच मऊ असतील तर आकडा पाच-पाचने सरकवत परत काढा. ते कधी शार्प, कधी मऊ असे येत असतील तर फाइन-ट्यूनने सुटणारी ती गोष्ट नाही, लेन्स सर्व्हिस सेंटरला दाखवावी लागेल. झूम लेन्सला हा कॅमेरा एकच आकडा लक्षात ठेवतो, तेव्हा तो ५०० च्या टोकासाठीच लावा. पक्ष्यांना तुम्ही त्याच टोकाला वापरणार.

शटर स्पीडचं फार ताणत नाही. होडी हलते, तुम्ही हलता, पक्षी हलतो. बसलेल्या पक्ष्यालाही होडीतून १/१००० च्या खाली जाऊ नका, उडणाऱ्याला १/२५०० तरी ठेवा. आयएसओ ऑटोवर सोडा. नॉइज नंतर कमी करता येतो, हललेला फोटो मात्र कोणीही सरळ करून देत नाही. त्या दिवशीच्या फोटोंची माहिती उघडून बघा. १/५०० दिसलं तर अर्धं उत्तर तिथेच सापडलं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बाई नवा कॅमेरा घेऊच देत नाहीत. तसं नाही. मिररलेसचा, म्हणजे मित्राच्या सोनीसारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्याचा, फायदा खरा आहे आणि पक्ष्यांसाठी मोठा आहे. त्यात फोकस खऱ्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे वरची सगळी बिस्किटाच्या पुड्याची भानगडच नाही. फोकस पॉइंट फ्रेमच्या जवळजवळ टोकापर्यंत मिळतात. तुमच्या डी७२०० चे ५१ पॉइंट कडांपर्यंत पोचत नाहीत. पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो आणि तो उडाला तरी सोडत नाही. तुमच्या मित्राला नेमकं हेच मिळालं असणार. आमच्या ग्रुपमधली एक खरेदी पक्की झाली ती यामुळेच. फाइन-ट्यून करून बसलेले पक्षी चकाचक यायला लागले, पण उडणाऱ्या नदी सुरयावर तो गृहस्थ दर वेळी मध्यावरच्या पॉइंटशी झगडायचा. त्याचा बदल योग्यच होता.

तर चाचणी करूनही बदलावंसं वाटलं, तर दीड लाखात सोनीकडे जाऊ नका. ती २००-६०० एकटीच बजेट खाईल, बॉडी राहील बाजूला. भाव महिन्याला बदलतात, तेव्हा आकडे दुकानात स्वतः बघा, पण गणित फारसं बदलणार नाही. तुमच्याकडची २००-५०० ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. ती ठेवा आणि बॉडी बदला. निकॉनच्या मिररलेस झेड५० चं दुसरं मॉडेल, जे २०२४ च्या अखेरीस आलं, आणि एफटीझेड-२ अडॅप्टर. तुमची २००-५०० आणि १८-१४० त्यावर ऑटोफोकससह आणि व्हीआरसह पूर्ण चालतात. निकॉनचा जुना एफ माउंट (लेन्स जोडायची जागा) १९५९ चा. त्यात लेन्सपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर लागतं, २०१८ च्या झेड माउंटमध्ये फक्त १६. अडॅप्टर म्हणजे मधल्या ३०.५ मिमीची पोकळ नळी आणि विजेच्या जोडण्या. त्यात काच नाही, त्यामुळे चित्र खराब व्हायचा प्रश्नच नाही.

पण या वाटेवरचे खड्डेही सांगते, कारण दुकानात ते कोणी सांगत नाही. झेड५०-२ मध्ये २१ मेगापिक्सेलच आहेत, म्हणजे पक्ष्यावर पिक्सेल तुमच्या आत्ताच्यापेक्षा थोडे कमी पडतील. बॅटरी वेगळ्या आकाराची, तुमच्या जुन्या बसणार नाहीत. कंपनीचा स्वतःचा आकडा एका चार्जला अडीचशे फोटोंच्या आसपास आहे. डी७२०० चा १११० होता. बर्स्टमध्ये (बटण दाबून सलग) काढलं की यापेक्षा बरेच जास्त निघतात, तरी दोन जादा बॅटरी हिशोबात धरा. कार्डाची खाच एकच. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, लेन्सच्या व्हीआरवरच भिस्त. इलेक्ट्रॉनिक शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख रबरी वाकडे येऊ शकतात, कारण सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचला जातो. मेकॅनिकल शटरवर ठेवा, तिथे सेकंदाला ११ मिळतात आणि ते पुरेसे आहेत. बटण पूर्ण दाबायच्या आधीचा क्षणही टिपणारी सोय त्यात आहे, खंड्या फांदीवरून सूर मारतो त्या क्षणासाठी मस्त, पण ती फक्त जेपेगमध्ये चालते.

आणि वजन. मिररलेस म्हणजे हलकं, असं समजून लोक येतात. झेड५०-२ बॅटरीसह ५५० ग्रॅम, अडॅप्टर १२५, मिळून ६७५. डी७२०० आहे ७६५. तुमच्या खांद्यावरचं ओझं ९० ग्रॅमनी कमी होईल. एका वडापावएवढं.

ओझं खरंच कमी करायचं तर काच कमी करावी लागते, आणि काच कमी केली की उजेड जातो. याला पळवाट नाही. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे, हातात घेतली की खेळणं वाटतं. पण ४०० ला ती एफ ८, छिद्र ५० मिमी. तुमच्या २००-५०० च्या तुलनेत पक्ष्याकडून एक तृतीयांशापेक्षाही कमी उजेड. भिगवणच्या उन्हात छान, सिंहगडच्या दरीत झाडीखालच्या स्वर्गीय नर्तकासाठी हाल. माझी स्वतःची १००-४०० एक किलोच्या आत आहे. ४०० ला एफ ६.३, छिद्र ६३ मिमी, म्हणजे तुमच्या निम्मा उजेड. पिक्सेलच्या हिशोबात मी तुमच्या जवळपासच येते, पण सूर्य मावळायला लागला की तुम्ही माझ्यापेक्षा काही मिनिटं जास्त फोटो काढू शकता. मी ती मिनिटं खांद्यासाठी दिली आहेत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमचा खांदा ठणठणीत असेल तर तुम्ही कशाला द्यायची?

फुजीबद्दल. रंग सुंदर आहेत, त्यांच्या फिल्म सिम्युलेशनची (जुन्या फिल्मसारखे रंग देणाऱ्या सोयीची) मीही चाहती आहे, मुलाच्या साखरपुड्याला मुद्दाम भाड्याने आणला होता. पण ती गंमत जेपेगमध्ये कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या रंगांची. रॉ काढून लाइटरूममध्ये धुणार असाल तर रंग तुम्ही निवडलेल्या प्रोफाइलवर आणि तुमच्या हातावर अवलंबून असतो. शिवाय त्यांची १५०-६०० मोठ्या टोकाला एफ ८ आहे आणि उडत्या पक्ष्यांवरचा फोकस मला निकॉन, सोनी, कॅननपेक्षा मागे वाटला. रस्त्यावरचे फोटो, वारीचे फोटो, घरचे समारंभ हे तुमचं मुख्य काम असतं तर मी फुजीच सुचवला असता. तुमच्या प्रश्नात ८० टक्के पक्षी आहेत.

सोनीकडे कधी जावं, हेही सांगते, उगाच अन्याय नको. बजेट साडेतीन-चार लाखांचं झालं, सगळं नव्याने घ्यायचंय आणि मित्राशी लेन्सची देवाणघेवाण होणार असेल तर जरूर जा. सोनीचा माउंट २०१० पासून आहे आणि सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सेस त्याला भरपूर मिळतात. सोबतच्या लोकांशी लेन्स आणि बॅटरी जुळणं ही भारी सोय आहे. होडीत एकाची बॅटरी संपली की कळतं.

ट्रेकचं काय? हरिश्चंद्रगडावर २००-५०० नेऊच नका. मी तीन वर्षं नेली तशी लेन्स, पाच वेळासुद्धा बाहेर काढली नाही. १८-१४० आणि बॉडी एवढंच न्या. पावसाळी ट्रेकला कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा. परत आल्यावर गार ओला कॅमेरा लगेच कपाटात कोंडू नका, पंख्याखाली कोरडा होऊ द्या. पुण्यात काहींना वाटतं की बुरशी कोकणातल्यांनाच लागते. जुलैत बंद बॅगेत महिनाभर पडलेल्या लेन्सला ती पुण्यातही लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल, आत एक स्वस्तातला आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या मध्ये. ड्राय कॅबिनेट घेतलंत तर उत्तमच.

आता मुलीचा नाच, आणि तिथे एक गोची आहे. तुमची ५० मिमी एफ १.८ डी ही जुनी डी प्रकारची लेन्स. तिच्यात मोटर नसते, डी७२०० च्या बॉडीतली मोटर ती फिरवते. एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती फोकसची मोटर नाही, झेड बॉडीतही नाही. म्हणजे नव्या कॅमेऱ्यावर ती लेन्स हाताने फोकस करावी लागेल. भरतनाट्यमच्या वेगवान तिल्लान्यात ते जमणं कठीण. झेडची ४० मिमी एफ २ लहान, हलकी आणि त्यातल्या त्यात स्वस्त आहे, पुढच्या रांगेत बसायला मिळालं तर पुरेल. मागे बसणार असाल तर मोठ्या छिद्राची ८५ लागेल, आणि मग बजेट परत ताणलं जाईल. स्टेजवर एलईडी दिवे असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंदच ठेवा, नाहीतर फोटोवर काळे-पांढरे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/१०० ला पट्टे सहसा येत नाहीत, पण नाचाला १/१०० पुरत नाही. १/२५० ला काढून बघा, पट्टे दिसले तर १/१०० कडे खाली या, आणि मुद्रा स्थिर होते त्या क्षणाची वाट बघा. आणि हो, हे सगळं टाळून डी७२०० तसाच ठेवलात तर ही ५० मिमी आजही त्यावर मस्त चालते. हा मुद्दा हिशोबात घ्या.

फोटो एकमेकांना दाखवतो त्याबद्दल एक गोष्ट. आमच्या ग्रुपने एकदा १२ बाय १८ इंचाचे प्रिंट काढून भिंतीला लावले, मागे कॅमेऱ्याचं नाव लिहून. निकॉन, कॅनन, सोनी, आणि माझा छोट्या सेन्सरचा. ओळखा म्हटलं. सगळ्यांनी फुल फ्रेमचा म्हणून ज्याच्यावर बोट ठेवलं तो डी७२०० पेक्षाही जुन्या कॅमेऱ्याचा होता, फक्त पहाटे साडेसहाला, पक्ष्याच्या उंचीवर झोपून काढलेला. त्या आकाराच्या प्रिंटला ३०० डीपीआयने ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, साडेएकोणीस मेगापिक्सेल. आपल्या सगळ्यांकडे ते आहेत. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तर आधीच पिळून लहान झालेला असतो, त्यावरून लेन्सची पारख करायची म्हणजे झेरॉक्स बघून साडीचा पोत ठरवण्यासारखं. तुम्ही दोघांनी त्या संध्याकाळी फोटो मोबाइलवर बघितले की लॅपटॉपवर शंभर टक्क्यांवर, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

खरेदी केलीच तर बिल आणि भारतातली वॉरंटी असलेलीच घ्या. मुंबईत फोर्टात बोरा बाजाराला कॅमेऱ्यांची जुनी बाजारपेठ आहे. हातात घेऊन बघायला आणि घासाघीस करायला मजा येते, पण बिल नसलेला पाच-सात हजारांनी स्वस्त कॅमेरा मी एकदा घेतला आणि पुढे सर्व्हिस सेंटरने तो वॉरंटीत धरायला नकार दिला. चूक माझी होती. त्याआधी पुण्यात शनिवार-रविवारसाठी झेड५०-२ आणि अडॅप्टर भाड्याने मिळतोय का बघा. स्वतःची २००-५०० त्यावर लावा, त्याच होडीत, त्याच मित्राच्या शेजारी बसा. एका सकाळच्या भाड्यात दीड लाखांचा निर्णय होतो.

पण त्याच्याही आधी ती वर्तमानपत्राची चाचणी. लाइव्ह व्ह्यूचा एक आणि व्ह्यूफाइंडरचे तीन, असे चार रॉ फोटो आणि कैकराची मूळ रॉ फाइल, क्रॉप न केलेली, मला पाठवा. शटर स्पीड काय होता तेही त्यातच कळेल. मी रविवारी बघून सांगते.